‘सर, काय लिहिलंत ते दाखवा ना’

परदेशात एमएस किंवा पीएचडीसाठी अर्ज भरताना पासपोर्ट, मार्क, एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) असं एकेक उरकत माणूस शिफारसपत्रांच्या पानावर येतो. पोरांच्या भाषेत एलओआर. तिथे बहुधा तीन शिक्षकांची नावं, हुद्दे आणि ईमेल मागितलेले असतात. खाली एक प्रश्न असतो: ही पत्रं पुढे कधी पाहण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? हो की नाही? राजुरी, बेल्हे, आळेफाटा या पट्ट्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, शेती शिकलेल्या ज्या मुलामुलींच्या घरात असा अर्ज पहिल्यांदाच भरला जातोय, ती इथे थबकतात. वडिलांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: “हक्क सोडला असं कुठंही लिहून द्यायचं नाही.” हक्कसोडपत्रावर सही करून बसलेल्या बहिणी आणि आत्या ज्या घरात आहेत, तिथे हे उत्तर आलं तर नवल नाही.

तरीही या ठिकाणी ‘हो’वर खूण करा. सोडताय ते फारच थोडं आहे.

हा हक्क आला कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत १९७४ साली विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबत एक कायदा झाला. त्याचं लघुनाव फर्पा. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो दुरुस्तीच्या रूपाने आणला, म्हणून बकली दुरुस्ती असंही म्हणतात. शाळा-कॉलेजं आपल्याबद्दल कपाटात काय ठेवतात ते विद्यार्थ्याला पाहता यावं, हा त्याचा हेतू. कायदा लागू होताच विद्यापीठांत गडबड उडाली. शिक्षकांनी गुपचूप म्हणून लिहिलेली जुनी पत्रंही उघडी पडणार होती. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा पुन्हा दुरुस्त झाला. १ जानेवारी १९७५ पूर्वीची गोपनीय पत्रं बंदच राहतील, आणि नंतरच्या पत्रांबाबत विद्यार्थी आपणहून हक्क सोडू शकेल, असं ठरलं. तुमच्या अर्जातली ती चौकट या दुरुस्तीतून आलेली आहे.

आता बारकावे. हा हक्क मिळतो फक्त प्रवेश घेऊन तिथे शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याला. ज्यांनी तुम्हाला नाकारलं, त्यांच्याकडची पत्रं तुम्हाला कायद्याने मागताच येत नाहीत. म्हणजे ज्या पत्राने घात केला असा संशय येईल, ते या कायद्याने कधी हाती लागणारच नाही. प्रवेश मिळाला तरी विद्यापीठाने ते पत्र जपून ठेवलेलं असायला हवं, आणि कित्येक ठिकाणी प्रवेश संपले की ही पत्रं काढून टाकतात. हक्क सोडला तरी दोन गोष्टी शाबूत राहतात: पत्र कुणाकुणाचं आलं त्यांची नावं विचारली तर सांगावी लागतात, आणि ते पत्र ज्या कामासाठी घेतलं त्याच कामाला वापरावं लागतं. हक्क सोडल्याशिवाय प्रवेश नाही, अशी अटही विद्यापीठाला घालता येत नाही.

मग ‘नाही’ म्हटलं तर बिघडतं काय? कागदावर काही नाही. पण तुम्ही काय निवडलंत ते बहुतेक पोर्टलवर पत्र लिहिणाऱ्या शिक्षकालाही दिसतं आणि पत्र वाचणाऱ्या समितीलाही. आपल्याकडे स्थळाची चौकशी कशी करतात ते आठवा. मुलगा समोर बसलेला असताना शेजाऱ्याला कुणी विचारत नाही. बाजूला घेऊन, मळ्यात जाऊन विचारतात. मुलाच्या तोंडावर शेजारी चांगलंच बोलणार, त्याला किंमत ती काय? समितीचा हिशोब तोच आहे. पत्र विद्यार्थी वाचू शकतो असं कळलं की त्यातल्या स्तुतीला बट्टा लागतो, मग ती अगदी खरी का असेना. आणि काही प्राध्यापक अशा वेळी पत्र द्यायलाच नकार देतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो घराघरांत ऐकू येतो, कारण आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी जिल्हा परिषदेत, एसटीत नाहीतर लष्करात असतं. ‘गोपनीय अहवाल’ म्हटलं की या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. साहेबाने पाठीमागे काय लिहिलं ते न कळताच बढती अडायची. सीमा सडक संघटनेतल्या देव दत्त यांच्या खटल्यात हेच झालं होतं. शेरा ‘चांगला’ होता, पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने परीक्षार्थींना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे दारं उघडत आली, मग इथे आपणहून बंद का करायची?

कारण गोपनीय अहवाल तुमच्याबद्दल कुणी लिहायचा हे तुमच्या हातात नसतं. वरचा साहेब जो असेल तो लिहितो, आणि त्याला लिहावंच लागतं. शिफारसपत्राचं उलट आहे. शिक्षकावर लिहिण्याची सक्ती नाही, आणि कुणाला विचारायचं ते सर्वस्वी तुम्ही ठरवता. पत्र वाचायचा हक्क गेला तरी पत्र कुणाचं हा निर्णय तुमच्याकडेच राहतो. सगळी मेहनत तिथे घालायची.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गोपनीय म्हणून दिलेलं पत्र उमेदवाराच्या माहिती मागण्याच्या हक्कातून वगळलेलं आहे, त्यामुळे तिथे चौकटीचा प्रश्नच येत नाही. जर्मनीत मास्टर्सच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना पत्र लागतच नाही; लागलं तर अनेकदा विद्यार्थ्यानेच प्रत जोडायची असते, म्हणजे ती तुम्ही वाचणारच. भारतात अजूनही काही ठिकाणी सीलबंद पाकीट मागतात. ते हातात आलं की झाकणावर सरांची आडवी सही आहे ना एवढं पाहा आणि तसंच पोचवा. प्रत्येक ठिकाणचा नियम अर्जाच्या पानावर लिहिलेला असतो. अमेरिकेचा नियम जर्मनीला लावू नका.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. चौकटीवर खूण करून गोपनीयता मान्य केली, पण सर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” आपल्या भागात हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. शिक्षकांची बाजूही समजून घ्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला दोन कॉलेजांत पळायचं असतं, परीक्षेचं काम असतं, नॅकच्या फायली असतात, आणि इंग्रजीत दीड पान लिहायचा सराव प्रत्येकाला असतोच असं नाही. म्हणून गाडी डीटीपीच्या दुकानावर येते. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी पत्र असतंच. नाव बदलायचं, ‘ही’चा ‘शी’ करायचा, लेटरहेडवर प्रिंट काढायची. मग ते पत्र कॉलेजच्या ऑफिसात जातं, जावक क्रमांक पडतो, एक प्रत फाईलला लागते, शिपाई शिक्का मारतो. गोपनीय म्हणवलेलं पत्र तोवर चार जणांनी वाचलेलं असतं. वाईट म्हणजे एकाच बॅचची तीन मुलं एकाच विद्यापीठात अर्ज करतात आणि तिघांच्या पत्रांतला दुसरा परिच्छेद शब्दशः तोच निघतो. समितीतल्या माणसाला हे ओळखायला गुप्तहेर असावं लागत नाही.

स्वतः लिहिलेल्या पत्रात आणखी एक दोष असतो. तुमची एसओपी आणि तीन सरांची तीन पत्रं यांत एकच भाषा, त्याच खोडी, तेच लाडके शब्द येतात. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर संकोचतो नाहीतर विशेषणांचा पाऊस पाडतो. मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय, नेतृत्वगुण असलेली. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

यातून वाट अशी काढा. सर “लिहून आण” म्हणाले की वाद घालू नका, नाहीही म्हणू नका. म्हणा, “सर, मी मुद्दे लिहून आणते, पत्र तुम्हीच लिहा, ते पाहायचा हक्क मी अर्जात सोडलाय.” ही खरी अडचण आहे, त्यामुळे सरांनाही राग येत नाही. मग एक पान तयार करा. त्यात विशेषणं नकोत, घडलेल्या गोष्टी हव्यात. समजा, शेवटच्या वर्षी तुम्ही कांद्याच्या चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजणारं उपकरण बनवलं होतं. तर असं लिहा: सेन्सर कुणाच्या चाळीत बसवले, किती महिने चालले, पावसाळ्यात दमटपणाने बंद पडले तेव्हा तुम्ही नेमकं काय बदललं, सरांनी त्या वेळी कोणती शंका काढली होती आणि तिचं उत्तर कसं शोधलंत. त्यांच्या कोणत्या विषयाला होतात, कोणत्या वर्षी, मार्क किती. वर्गात सरांनी दिलेलं एखादं उदाहरण पुढे नेऊन तुम्ही काही करून दाखवलं असेल तर तेही. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. कॉलेजच्या रेकॉर्डला आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, असं आपल्याकडे हमखास होतं. मुद्द्यांचं हे पान देणं पूर्ण सचोटीचं आहे. परदेशातले प्राध्यापकही ते मागून घेतात. त्यातलं काय घ्यायचं, काय गाळायचं आणि वर स्वतःचं मत काय घालायचं, हे सर ठरवतील. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या सरांना सांगा की साधं, छोटं, पण स्वतःचं इंग्रजी चालतं.

दुसरी पळवाट स्वतःच पत्र लिहिण्याहून धोक्याची आहे. सरांच्या नावाने जीमेल खातं उघडायचं, पोर्टलवर तो पत्ता द्यायचा, लिंक स्वतःच्याच फोनवर घ्यायची आणि पत्र चढवायचं. काही कन्सल्टन्सीवाले ‘पॅकेज’मध्येच हे करून देतात. करू नका. अर्जाच्या शेवटी सगळी माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून देता, आणि खोटं सापडलं तर प्रवेश मिळाल्यानंतरही, अगदी डिग्रीच्या तोंडावरही तो जातो. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात बनावट कागदपत्रांवर प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याला २०२४ मध्ये अटक झाली, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला परत यावं लागलं. त्याचं बिंग त्याच्याच एका निनावी पोस्टमुळे फुटलं होतं.

ईमेलचा खरा प्रश्न मात्र असतोच. विद्यापीठांना संस्थेचा पत्ता हवा असतो आणि आपल्याकडच्या अनेक सरांचा कारभार जीमेलवर चालतो. कॉलेजकडे स्वतःचं डोमेन असेल तर प्राचार्यांना भेटून सरांसाठी पत्ता काढून घ्या. नसेल तर सरांचं नाव आणि हुद्दा कॉलेजच्या वेबसाइटवर दिसतोय याची खात्री करा, आणि पत्रावर कॉलेजचा फोन नंबर असू द्या. विद्यापीठाने उलट तपासणी केली तर फोन उचलणाऱ्या क्लार्कला हे सर इथे आहेत हे माहीत असायला हवं.

आता कुणाला विचारायचं? छोट्या गावात ही निवड अवघड, कारण शिक्षक नुसते शिक्षक नसतात. ते मामांचे वर्गमित्र असतात, सोसायटीत वडिलांबरोबर संचालक असतात, यात्रा कमिटीत असतात. त्यामुळे “आपल्या घरचेच आहेत, चांगलंच लिहितील” म्हणून पत्र मागितलं जातं. घरचा माणूस चांगलं लिहील हो, पण तुमच्या अभ्यासाबद्दल त्याच्याकडे लिहायला असणार काय? आमदारांचं किंवा संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र आणणारे तर याहून भाबडे. लेटरहेड जाडजूड असतं, आत ‘मी यांच्या कुटुंबाला वीस वर्षं ओळखतो’. प्रवेश समितीला कुटुंबाशी देणंघेणं नाही. एचओडीची सही मोठी आणि प्रोजेक्ट गाईडची छोटी, हाही गैरसमजच. ज्याने तुमचं काम चुकताना आणि सुधारताना पाहिलं, त्याचं पत्र घ्या.

अशी माणसं कॉलेजच्या बाहेरही असतात. शेतीची पदवी असेल आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात एखाद्या विषयतज्ज्ञाच्या हाताखाली प्रात्यक्षिकं केली असतील, तर ते तुमच्याबद्दल ठोस बोलू शकतात. खोडदला तर जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती दुर्बीण. आपण विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला शाळेच्या गाडीतून जाऊन येतो आणि विषय सोडून देतो. भौतिकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने तिथल्या किंवा पुण्यातल्या तिच्या मूळ संस्थेतल्या, म्हणजे एनसीआरएतल्या, एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर उन्हाळी प्रकल्प मिळवला, तर त्या कामावरचं पत्र बाहेरच्या समितीला लगेच कळतं. पत्राची तयारी अर्जाच्या वर्षी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून होते ती अशी.

काम पाहिलेला माणूस पाठीमागे किती मोकळं लिहितो, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ ला परतावं लागलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. नोव्हेंबर १९२० मध्ये फॉक्सवेलनी संस्थेच्या सचिवांना कळवलं की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवलेली आहे, आता इथे त्यांना जिंकायला नवीन काही उरलेलं नाही. असं मोकळं बोलणं दोन जाणकारांत आपापसांत होतं. समोरासमोर कुणी इतकं लिहीत नाही. ही पत्रं आज अभिलेखागारात आहेत म्हणून आपल्याला माहीत. बाबासाहेबांनी १९२१ ला तिथून एमएस्सी आणि १९२३ ला डीएस्सी घेतली.

विचारायचं कसं? फोनवर घाईत नको, शक्यतो भेटून. आधी एक मेसेज धाडा. मजकूर साधारण असा: “नमस्कार सर. शेवटच्या वर्षीचा चाळीचा प्रोजेक्ट मी तुमच्या मार्गदर्शनाखाली केला होता. या डिसेंबरात परदेशी एमएससाठी अर्ज करते आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत असेल तरच पत्र द्याल का? वेळ नसेल तर निःसंकोच सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन.” ‘मनापासून’ आणि ‘वेळ नसेल तर’ हे शब्द गाळू नका. पत्र तुम्हाला दिसणार नाही, त्यामुळे आत काय असेल याचा अंदाज फक्त या क्षणी मिळतो. सर चटकन “हो, कधी पाहिजे?” म्हणाले तर उत्तम. “बघू, ठेव कागद” म्हणाले तर कागद उचला आणि आभार मानून निघा. तुमच्याशी खटके उडालेल्या सरांकडून केवळ पद मोठं म्हणून पत्र घेणं जुगार आहे.

एकदा पत्र गेलं की ‘सर, काय लिहिलंत?’ हे विचारायचं नाही. आईवडिलांनाही सांगून ठेवा, नाहीतर आळेफाट्याच्या स्टँडवर सर भेटले की वडील विचारणारच. सरांनी स्वतःहून प्रत दाखवली तर मात्र गुन्हा नाही. तुम्ही मागण्याचा हक्क सोडला आहे, सरांचा दाखवण्याचा हक्क गेलेला नाही. वाचा, नावाचं स्पेलिंग किंवा वर्ष चुकलं असेल तेवढंच सांगा, आणि ती प्रत दुसऱ्या विद्यापीठाला वा शिष्यवृत्तीला परस्पर जोडू नका. त्यासाठी पुन्हा विचारा.

वेळेचं गणित आपल्या सणांवर बसवा. अमेरिकेत ऑगस्टच्या प्रवेशासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १ डिसेंबर, १५ डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला असते. मधल्या काळात दिवाळीची सुटी आणि विद्यापीठाच्या परीक्षा येतात, तेव्हा गणपती उठले की सरांना विचारून टाका आणि मुद्द्यांचं पान दसऱ्याच्या आत द्या. विद्यापीठांची यादी मुदतीच्या क्रमाने, एका कागदावर. आठाच्या वर लिंका एका शिक्षकाच्या माथी मारू नका. काही पोर्टल नाव टाकताच लिंक पाठवतात, काही अर्ज पूर्ण भरल्यावरच. हे आधी वाचा, नाहीतर सर वाट पाहत राहतात. लिंक स्पॅममध्ये जाते, ते फोन करून सांगा.

मुदतीला आठवडा उरला आणि पोर्टलवर पत्र आलेलं दिसत नसेल तर एकदा फोन करा, दोन दिवसांनी पुन्हा. चौथ्या शिक्षकाला आधीच विचारून ठेवलेलं असलं की अशा वेळी धावपळ होत नाही. तरीही उशीर झालाच तर विभागाच्या प्रवेश कार्यालयाला मेल टाका. बऱ्याच ठिकाणी मुदतीनंतर थोडे दिवस पत्रं घेतात. त्या मेलमध्ये सरांची तक्रार नको. तुमचं नाव, अर्ज क्रमांक, कोणाचं पत्र यायचं आहे, आणि बदली शिक्षक असतील तर त्यांचा ईमेल, एवढंच लिहा.